प्रभारी पक्षी

साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. तेव्हा टेलिफोनला तबकडी असे, कारकुनांची बोटं कार्बनने निळी असत, आणि विमा कचेरीच्या चार मजली इमारतीला समोरून वरपासून खालपर्यंत काच होती. ती पुसायला लखलख मावशी. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, ते तिथेच राहिलं.

तिने पुसलेल्या काचेत आभाळ असं उतरायचं, की त्यापुढे खरं आभाळ मळकट वाटावं. पाखरांचाही तोच समज व्हायचा. आठवड्याला तीन-चार तरी धाडकन आपटून खाली पडायची. मावशी त्यांना फडक्यात गुंडाळून कुंड्यांत पुरायची आणि वाऱ्याला शिव्या घालायची. कुंड्या मात्र फार फुलायच्या.

मग वरून परिपत्रक आलं. काच पाखरांना दिसली पाहिजे. बाहेरून दोन-दोन इंचांवर खुणा हव्यात. तपासणीच्या वेळी 'एका जबाबदार व्यक्तीने पक्ष्याच्या वेगाने काचेकडे जावे'. ती आपणहून थांबली तर काच पास, नाहीतर काच काढून विटांची भिंत.

"वाऱ्याचा दोष नाही हो मावशी, तुमच्या काचेचा आहे," हेडक्लार्क बाई म्हणाल्या. "आणि भिंत झाली की तुमचं काम संपलं. भिंतीला कोण फडकं मारतं?"

मावशीने पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली. एकोणीस वर्षांत ती दुसरं काही शिकली नव्हती, आणि शिकायची हौसही नव्हती.

पक्षी कोण होणार? सगळ्यांच्या माना आवक-जावक कारकुनाकडे वळल्या. काचेच्या दारावर तीनदा आपटल्यापासून त्याला धडकभाऊच म्हणत.

"मीच का?"

"अनुभव आहे तुम्हाला."

"मग लेखी द्या. आणि त्या दिवशी सही कोणत्या हजेरीपटावर करू? कारकुनांच्या, की वेगळा काढताय?"

दोन दिवस फाइल फिरली आणि आदेश निघाला: प्रभारी पक्षी, चहाच्या सुट्टीसह. धडकभाऊच्या चष्म्यावर वेगळी बैठक झाली. पक्षी चष्मा लावत नाहीत, या मुद्द्यावर तो काढायचं ठरलं.

सोमवारी कचेरीने कामं टाकून काचेवर चुन्याचे ठिपके दिले. मंगळवारी लोक येतात तो काच आरशासारखी.

"मावशी! ठिपके कुठे गेले?"

"अगं बाई, ती घाण तुमची होय! सातपासून घासतेय, कंबर मोडली माझी. आधी त्या मेल्याचे हात धुवा, ज्याने केलं त्याचे!"

पुन्हा ठिपके दिले. तिला खुर्चीत बसवून समजावलं. तिने मान डोलावली. बुधवारी काच पुन्हा लख्ख.

"भिंत मलाच भोवणार, ते मला कळतंय हो," ती रडकुंडीला आली. "पण हाताला कोण सांगणार?"

संध्याकाळी तिसऱ्यांदा ठिपके देऊन बाईंनी फडकी कपाटात कुलूपबंद केली. गुरुवारी सकाळी मावशी रिकाम्या हाताने आली. एक ठिपका जरा वाकडा होता. तेवढा तिने बाहीने टिपला. मग त्याच्या शेजारचा उगाच एकटा वाटू लागला.

साडेदहाला तपासनीस फूटपट्टी घेऊन बागेत उभे राहिले, तेव्हा तळमजल्याची काच कोरी होती. बाईंनी कपाळावर हात मारला. शिट्टी वाजली. बिनचष्म्याचा धडकभाऊ हात पसरून सुटला. समोर त्याला निळंशार आभाळ दिसत होतं, आणि तो खुशीत होता.

"भाऊ, थांबा!" मावशी ओरडली.

"पक्ष्याशी बोलू नका!" तपासनीस ओरडले.

चुन्याची बादली कपाटात ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं. मावशीने दोन्ही हात तिच्यात बुडवले, डोळे गच्च मिटले आणि काचेवर फटाफटा पंजे मारत सुटली. स्वतःच्या काचेवर तिने पाडलेले ते पहिले डाग.

धडकभाऊ काचेपासून चार बोटांवर थांबला. "पंजे दिसले," तो धापा टाकत म्हणाला. "वाटलं, आतून कोणीतरी थांब म्हणतंय."

तपासनिसांनी बोटांमधलं अंतर मोजलं. "दीड इंच. दोनाच्या आत. पास. मात्र पंजे हेच हवेत. नमुना मंजूर झाला की बदलता येत नाही."

पाखरं त्या काचेवर आपटेनाशी झाली. समोरच्या बँकेने मग आपल्याही काचेवर पंजे मारायला मावशीला शनिवारी दुपारचं बोलावून नेलं.

तपासनीस पुढे मत्स्य खात्यात गेले. तिथली परीक्षा कोणाला द्यावी लागली, ते कळलं नाही. हेडक्लार्क बाई बढतीवर मुख्य कचेरीत गेल्या. ती कचेरी तळघरात होती. धडकभाऊचा प्रभार काढून घेणारा आदेश कधी निघालाच नाही, म्हणून त्याची बदलीही झाली नाही. दुसऱ्या कुठल्याच शाखेत पक्ष्याची जागा रिकामी नव्हती.

आणि लखलख मावशीची नोकरी टिकली. अकरा वर्षं ती दर महिन्याला दोरीच्या पाळण्यात बसून, तोंड फिरवून, चारही मजले मळवत राहिली. निवृत्त झाली त्या दिवशी कचेरीने तिच्या दोन्ही पंजांचे रबरी शिक्के करून घेतले, आणि जावक रजिस्टरात त्यांची नोंद केली.