टाक्यांतली वाळू

मित्रांनो, जरा दमानं घ्या. असं एका कोपऱ्याला धरून ओढू नका मला. वय झालंय माझं. मी गोधडी आहे, चादर नव्हे की झटक्यात उचलली आणि झटक्यात टाकली. आता गच्चीवर उन्हात पडलेच आहे, तर बसा माझ्या काठाशी. खोकला येईल इतकी धूळ काही नाही माझ्यात. थोडी वाळू आहे, तिची गोष्ट शेवटी सांगते.

माझा जन्म भडगावचा, गिरणेच्या काठचा. भागाबाई नावाच्या बाईंच्या लेकीचं, मंजुळाचं, लग्न ठरलं होतं. भागाबाईंनी आपली जुनी लुगडी काढली, नवऱ्याचं विरलेलं धोतर काढलं, अंगणात एकावर एक अंथरलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि हिवाळ्याच्या उन्हात पाठ शेकत टाके घालायला बसल्या. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी त्यांनी त्यात चिमूटभर ज्वारी घातली. मंजुळा हसली. "माय, गोधडी काय ज्वारी खास?"

"मंग? उपाशीपोटी ऊब कशी देई ती?" भागाबाई म्हणाल्या आणि कोपरा शिवून टाकला.

असं जेवूनखाऊन मी सासरी आले. सासर म्हणजे भुसावळची रेल्वे कॉलनी, दगडी क्वार्टर. मंजुळाबाईंचे यजमान रुपचंद, मूळ सोनगीरचे, रेल्वेच्या यार्डात पॉइंट्समन. गाड्या एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घ्यायच्या, डबे जोडायचे, सोडवायचे. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड होती. त्यांना नाही म्हणता येत नसे. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचं पोर तापानं फणफणलंय, कोणाला गावी जायचंय. सगळ्यांच्या रात्रपाळ्या फिरून फिरून रुपचंदभाऊंच्याच गळ्यात.

त्यामुळे माझ्या नशिबी आलेला संसार वेगळाच होता. रात्री माझ्याखाली मंजुळाबाई आणि लहानगा समाधान. सकाळी रुपचंद घरी यायचे, नाक लाल, मफलरला वंगणाचा वास, आणि पाय? अगं बाई गं! बर्फ परवडला. त्यांनी चहा प्यायचा, बाजरीची गरम भाकरी खायची आणि माझ्याखाली शिरायचं. तोवर मंजुळाबाईंचा दिवस सुरू झालेला असायचा.

आणि इथंच त्या एक गोष्ट करायच्या. सकाळी उठल्यावर त्या माझी घडी घालत नसत. हळूच बाहेर निघायच्या, मला चारी बाजूंनी खोचून ठेवायच्या, वर उशी ठेवायच्या. आपल्या अंगाची ऊब आत कोंडून ठेवायच्या, येणाऱ्या माणसासाठी. शेजारच्या आबेदाबी डोकावल्या की चिडवायच्या, "क्या मंजुळा, सूरज सर पे आया, तेरा बिस्तर अभी तक पसरेलाच?" मंजुळाबाई नुसत्या हसायच्या. खरं कारण सांगायला लाजायच्या. संध्याकाळी रुपचंद ड्युटीवर निघाले की तेही मला तसंच खोचून जायचे. त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

तर मित्रांनो, नवरा-बायको दोघंही माझेच, पण एका वेळी एकच. तिची ऊब त्यांना, त्यांची ऊब तिला. पोहोचवणारी मी. कित्येक हिवाळे मी गार म्हणून पडले नाही. बाहेर केळीच्या बागा थंडीनं करपायच्या, लोक शेकोट्यांभोवती गोळा व्हायचे, आणि मी आपली सदा कोमट. फार अभिमान होता मला त्याचा. अजून आहे!

माझ्या ज्वारीच्या कोपऱ्याची रुपचंदना सवय लागली होती. झोप येईपर्यंत ते दाणे कापडावरून बोटांत फिरवायचे. बाहेर मालगाड्या खडखडत जायच्या, भिंती थरथरायच्या, आणि फिरता फिरता बोटं थांबायची. बोटं थांबली की समजायचं, गडी झोपला. मंजुळाबाई पोळपाट-लाटणं आपटतसुद्धा नसत तेव्हा.

पण त्यांच्या मनात एक सल होता. एकदा त्या आबेदाबींना म्हणाल्या, "सगळ्या बायका सकाळी नवऱ्याला हाक मारून उठवतात, उठा म्हणतात. मी आजवर कधी म्हटलंच नाही. मी उठते तेव्हा हे येतात." आणि डोळ्याला पदर लावला. आबेदाबींची चिडवाचिडवी त्या दिवशी बंद झाली. माझा ज्वारीचा कोपरा उसवलेला दिसला तसा त्यांनी आपल्या ओढणीचा हिरवा तुकडा आणून त्यावर ठिगळ लावून दिलं. हे बघा ना, इथंच आहे.

मग रुपचंद निवृत्त झाले. हार-तुरे, फोटो, पेढे. गावाबाहेरच्या नव्या प्लॉटवर घर झालं. मला वाटलं, चला, आता दोघं मिळून माझ्याखाली येतील. कसलं काय! समाधान पुण्याहून एक ब्लँकेट घेऊन आला. गुबगुबीत, वर वाघाचं चित्र. मी गेले माळ्यावर, डांबरगोळ्यांच्या सोबतीला. वाघ आला पलंगावर. रडू आलं मला, पण गोधडीच्या रडण्याला विचारतो कोण?

माळ्यावरून मला सगळं ऐकू यायचं. नोकरी सुटली होती, पण रुपचंदची रात्रपाळी काही सुटली नव्हती. अंधार पडला की ते टक्क जागे. कडी बघ, गेटला कुलूप बघ, अंगणात येरझाऱ्या घाल. सकाळ झाली की डोळे मिटायला लागायचे. आणि मंजुळाबाई? सकाळी त्यांचा हात शेजारी जायचा, तर वाघ एकटाच.

"एकदाव तरी आपली दोन्हीसनी सकाय संगेच व्हवाले जोयजे," त्या एकदा म्हणाल्या. एकदा तरी आपल्या दोघांची सकाळ बरोबर व्हायला हवी, एवढंच मागणं. रुपचंद खाली मान घालून बसले. "मी काय मुद्दाम जागतो का, समाधाननी माय?" एवढंच बोलले. त्यांनाही वाईट वाटत होतं, मला कळत होतं.

समाधाननं आणि पुनमनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दोघांची अंदमानची तिकिटं काढली. आयुष्यात कुठं गेले नाहीत, जाऊ दे समुद्र बघायला. पौष महिना, भुसावळात दात वाजत होते. पुनम फोनवर सांगत होती, "आई, तिकडे गरम असतं हं, सुती कपडे घ्या." मंजुळाबाई हो हो म्हणाल्या, फोन ठेवला आणि रुपचंदना म्हणाल्या, "पोरगीले काय समजस! पौषमा थंडी नही असा मुलूख ऱ्हास का कोठे?"

झालं! शिडी लागली, मी माळ्यावरून खाली आले. रुपचंदच्या जुन्या होल्डॉलमध्ये मला गुंडाळलं, पट्टे आवळले, आणि मित्रांनो, मी विमानात बसले! बसले म्हणजे, विमानाच्या पोटात गेले. आजूबाजूला चाकांच्या चकचकीत बॅगा, आणि मधोमध मी, पट्ट्यांनी आवळलेली. पण लाजले नाही. त्यातल्या एकीच्या तरी पोटात ज्वारी होती का?

उतरलो तर काय, घामाच्या धारा! रुपचंदच्या अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्यात कानटोपी. गाडीवाला हसून म्हणाला, "अंकल, बर्फ देखने आए हो क्या?" मंजुळाबाईंनी तोंडाला पदर लावला, आणि दोघं असे खळखळून हसले की मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

मला मात्र कपाटात ठेवलं. गरम मुलखात गोधडीचं काय काम? फटीतून थोडंसं दिसायचं. निळं पाणी, नारळाची झाडं, नवी लग्नं झालेली जोडपी. सगळं स्वप्नातल्यासारखं. पण सकाळ झाली आणि मंजुळाबाईंचा हात शेजारी गेला, तर जागा रिकामी. रुपचंद व्हरांड्यात खुर्चीवर ताठ बसलेले, जणू एखादी गाडी यायची आहे. दुसऱ्या सकाळीही तेच. निघायचा दिवस जवळ आला. मंजुळाबाईंनी समुद्र बघितला, तळाला काच असलेल्या होडीतून रंगीत मासे बघितले, नारळपाणी प्यायलं, पण जे हवं होतं ते राहूनच गेलं होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी कपाट उघडलं, मला काखोटीला मारलं आणि म्हणाल्या, "चाला."

"कुठं? आणि ती गोधडी कशाला?"

"इतली दूरथून आणी, तं पसरसू तरी!"

किनाऱ्यावर झाडांच्या दाट सावलीत त्यांनी मला वाळूवर अंथरलं. जन्मात पहिल्यांदा मी पांघरूण नव्हते, अंथरूण होते. पाठीखाली ऊन ऊन वाळू. मला ऊब द्यायची नव्हती, उलट मलाच ऊब मिळत होती. भागाबाईंचं अंगण आठवलं मला. दोघं बसली. घरून आणलेल्या दशम्या उरल्या होत्या, त्या शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ल्या. फोटो काढणारी पोरं-पोरी बघत होती. मंजुळाबाई आधी लाजल्या, मग म्हणाल्या, बघू देत.

रुपचंद कान देऊन ऐकत होते. लाट येत होती, फुटत होती, लांब खडखडत मागे जात होती. "आपल्या क्वार्टरमागून मालगाडी जायची बघ," ते म्हणाले, "तसंच वाटतं. एक गेली की दुसरी." मग हळूच म्हणाले, "नव्या घरी फार शांत असतं गं. आवाज नाही आला की वाटतं, काहीतरी अडकलंय. मग उठून बघावं लागतं."

मंजुळाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. रुपचंदनी हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. "आते काहीच अडकेल नही," त्या म्हणाल्या. "निजा."

ते आडवे झाले. हात आपोआप माझ्या कोपऱ्याकडे गेला. हिरव्या ठिगळाखालचे ज्वारीचे दाणे फिरू लागले. मंजुळाबाईही कुशीवर झाल्या. मी दोघांचं वजन पहिल्यांदाच एकदम अंगावर घेत होते. लाट आली, गेली. बोटं फिरत होती, मंद झाली, थांबली. मंजुळाबाईंनी ती थांबलेली बोटं बघितली आणि डोळे मिटले. मी मात्र जागी राहिले. कोणीतरी ड्युटीवर नको का?

किती वेळ गेला कोण जाणे. वारा सुटला, सावली सरकली आणि पाण्यावरून तांबूस उजेड थेट दोघांच्या तोंडावर आला. दोघांनी एकदमच डोळे उघडले. मंजुळाबाई त्या लाल उजेडाकडे बघत, अर्धवट झोपेत म्हणाल्या, "सकाय व्हयनी का?"

रुपचंदनी समुद्राकडे बघितलं. सूर्य पाण्याला टेकला होता. जन्मभर यार्डात काढलेला माणूस, पूर्व कुठली आणि पश्चिम कुठली हे त्यांना झोपेतही चुकलं नसतं. त्यांनी बायकोच्या गालाला चिकटलेली वाळू पुसली.

"हां," ते म्हणाले, "व्हयनी. ऊठ."

मंजुळाबाईंना थोड्या वेळानं खरं काय ते कळलंच. पण त्यांनी मला झटकलं नाही, वाळूसकट तशीच गुंडाळून घेतली.

आता आम्ही पुन्हा भुसावळात. रात्रीची झोप अजून रुपचंदना पुरती जमलेली नाही, खोटं कशाला बोलू? पण दुपारी दोघं मला इथं गच्चीवर अंथरतात आणि हिवाळ्याच्या उन्हात डुलकी काढतात. जाग येते ती दोघांना बरोबरच. मग रुपचंद म्हणतात, "ऊठ, सकाळ झाली," आणि मंजुळाबाई चार वाजता चहा टाकायला उठतात. वाघ? तो गेला माळ्यावर. मला वाईट वाटतं त्याचं. थोडंसंच.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला ऊन दाखवा, टाका उसवला तर घाला, उंदरांपासून जपा. तुमच्या घरातलं कोणी थंडीत उशिरा येणार असेल, तर घडी घालायची घाई करू नका. आणि पुनम, तू येणार आहेस संक्रांतीला, तुझ्या मनात मला मशीनमध्ये टाकायचं आहे हे मी ऐकलंय. पोरी, माझ्या टाक्यांत अजून तिथली वाळू आहे. हवं तर हातानं हलकेच धू मला. पण झटकू नकोस गं, तेवढी त्यांची सकाळ राहू दे.