सही होईपर्यंत माती हलवू नका

घळ आमच्या मागच्या खोलीपासून एकोणीस पावलांवर आली होती. मी रोज सकाळी पावलं टाकून मोजायचे. गेल्या वसंतात ती एकसष्ट पावलांवर होती. आमच्या टेकड्यांची माती पिठासारखी आहे. कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते आणि एक जोराची सर आली की धप्पकन खाली बसते. काठावरून वाकून पाहिलं तर तळ चाळीस फूट खोल.

त्या मागच्या खोलीत माझा नवरा डेल्मर झोपतो. अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू गेली आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. खिडकी बरोबर घळीसमोर. घर सोडायचं नाव काढलं की डाव्या हातानं पलंगाची कड घट्ट धरायचा. मी विषय बंद करायचे.

पाऊस वाजायला लागला की मी भीतीनं रात्रभर जागी राहायचे. पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, "कसं काय?" असं विचारलं की "ठीक आहे, याहून वाईटही असू शकतं" असंच म्हणायचं असतं. घर पडलं तरी लोक हेच म्हणतील.

मार्चमध्ये मी गुपचूप माती-पाणी संवर्धनाच्या सरकारी कचेरीत गेले. पिकअप वाचनालयामागे लावली, कुणी बघू नये म्हणून. कारण डेल्मरनं चाळीस वर्षं, कॉफीच्या टेबलावर सगळ्यांसमोर, अनुदान घेणाऱ्यांना "सरकारचे जावई" म्हणून हिणवलं होतं. आता त्याचीच बायको जावयांच्या रांगेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं.

कचेरीतली टेस नॉर्डक्विस्ट जेमतेम सत्तावीसची असेल. तिनं चार योजना चाळून एक शोधून काढली, धूप रोखायचा बांध बसेल अशी. खर्चाचा मोठा वाटा सरकार देणार होतं. तो वाटा नसता, तर तसला बांध आमच्या आवाक्यातला नव्हता. मापं झाली, नकाशा आला, तपासण्या झाल्या.

"मिसेस सोरेनसन, एकच गोष्ट विसरू नका," ती म्हणाली. "करारावर सही होईपर्यंत मातीचं ढेकूळही हलवायचं नाही. काम आधी सुरू झालं तर त्या कामाला पैसे नाहीत. मग मी रडले तरी उपयोग नाही."

सही गुरुवारी होती. मंगळवारी मी डेल्मरला ओमाहा शहरातल्या इस्पितळात नेलं. दुपारी त्याला घेऊन परतले तर अंगणात सहा पिकअप आणि मागून बुलडोझरचा आवाज. डेल्मरला गाडीतच ठेवून मी उतरले.

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की मदत हवी का, असं विचारायचं नसतं. विचारलं तर माणूस "नको" म्हणतो. म्हणून यंत्रं घेऊन सरळ यायचं, काम करायचं, बायकांनी जेवण आणायचं. टेबलावर हॅम सँडविचं, ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा कॅसरोल आणि रुबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्या मांडल्या होत्या. घळीच्या तोंडाशी कुंपण उपटून माती खरवडली होती, मोठा ढीग केला होता.

शेजारी व्हर्लिन क्रिस्टियनसन बुलडोझरवरून हसत उतरला. "चार दिवसांत बांध उभा करतो बघ. तू फक्त कॉफी पाज."

"बंद कर," मी म्हटलं. "व्हर्लिन, बंद कर ते!"

त्याला कळेना. मी सगळं सांगितलं: अर्ज, टेस, गुरुवार. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत, आणि समोर ही चांगली माणसं हातात टोप्या घेऊन उभी.

व्हर्लिननं मागे वळून ढिगाकडे बघितलं. "अगं, मला विचारायचंस तरी! तो नियम मला पाठ आहे."

"तुला कसा?"

त्यानं बुटांकडे बघत सांगितलं. "माझी दोन्ही तळी त्याच कचेरीच्या पैशांची. नऊ वर्षं झाली. डेल्मरसमोर कोण बोलणार? मला वाटलं, सोरेनसनांच्या घरात सरकारी कागद येणंच शक्य नाही."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "माझं कुंपणही तिथलंच."



"ढीग परत ढकलतो," व्हर्लिन हळूच म्हणाला. "वर गवताचे गठ्ठे पसरू. कचेरीतल्या पोरीला काय कळतंय?"

मनात एकदा आलं, का नाही? पण खोट्यावर सही करून त्या बांधाच्या भरवशावर झोपायचं, याची मला घळीइतकीच भीती वाटली. मी टेसला फोन केला.

ती तासाभरात आली. काठावर जाऊन खरवडलेली माती बघितली. डोळे पुसले आणि मग लिहायला लागली. "आता नवा अर्ज, पुढच्या वर्षी. तेही काम इथंच थांबलं तर." तिनं आकाशाकडे बघितलं. "उद्या तीन इंच पाऊस सांगितलाय. उघडी माती आहे, मिसेस सोरेनसन. आज इथं राहू नका."

"आमच्याकडे चला," व्हर्लिन म्हणाला. "दोघंही."

मी पिकअपशी गेले. डेल्मर अजून आतच बसून होता, काच खाली केलेली. त्यानं सगळं ऐकलं होतं. माझी चोरी उघडी पडली होती, लाजही गेली होती. तो आता नाही म्हणणार, डाव्या हातानं काहीतरी धरणार, हे मला माहीत होतं. मी दार उघडलं आणि पंचेचाळीस वर्षांत जे म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"डेल्मर, मला फार भीती वाटते रे."

त्यानं तोंड दोनदा उघडलं, मिटलं. मग डाव्या हातानं माझी बाही धरली.

"मला... पण," तो म्हणाला. "रोज."

मी व्हर्लिनला हाक मारून आतून डेल्मरचं अंथरूण आणून गाडीत टाकायला सांगितलं.