बाबारावचा खर्रा

राग माझ्या नाकावर असतो, हे दारव्हा स्टँडवर कोणालाही विचारा. जागेवरून भांडणाऱ्या सवाऱ्यांना मी भर उन्हात मध्येच उतरवून दिलेलं आहे. तेव्हा त्या दिवशी मी गप्प उभा राहिलो ते भित्रा म्हणून नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक तसंच समजतात. भित्रा असतो तर बरं झालं असतं.

अकरा वर्षं मी लखीरामशेठची काळीपिवळी जीप दारव्हा ते यवतमाळ चालवली. जीप शेठची, पण हात माझा. तिचं इंजिन मी दोनदा खोलून बांधलं होतं. तिसरा गिअर कसा समजावून टाकायचा ते मलाच ठाऊक. ड्रायव्हर सीटखाली टामी, म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा, ठेवायला कप्पा मीच वेल्डिंग करून घेतला होता. शेठनं हप्ते थकवले, फायनान्सवाले भर रस्त्यात सवाऱ्या उतरवून जीप ओढून घेऊन गेले, आणि मी दुसऱ्यांच्या गाड्यांवर बदली मारत फिरू लागलो. मग पेपरात जाहीर लिलावाची नोटीस आली. यादीत चौदाव्या नंबरला माझी जीप. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा एखादी गोष्ट माझ्या नावावर होण्याची वेळ आली होती.

निम्मे पैसे सासऱ्यांनी घातले. मारोतराव त्यांचं नाव. घाटंजीकडे त्यांची कापसाची आणि तुरीची शेती. माझी बायको निकिता त्यांची एकुलती एक मुलगी. मी त्यांना मामाजी म्हणतो. त्यांनी तूर विकली आणि स्वतः पैसे घेऊन माझ्याबरोबर आले. "जवाईबापू, गाडी आपली झाली का पयली सवारी मी," असं बसमध्ये तीनदा म्हणाले.

लिलाव गावाबाहेर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात होता. गाड्या ओळीनं लावलेल्या, टेबलाशी भोंगा घेतलेला कारकून, आणि कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बाबाराव. जुन्या गाड्यांच्या धंद्यातला हा मोठा माणूस. गोड बोलणारा, पांढऱ्या कपड्यांतला. मांडीवरच्या फळीवर प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत बसला होता. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं स्वतःच्या हातानं. येईल त्याला चिमूटभर द्यायचा.

त्या खर्र्याचा कायदा मला माहीत होता. स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हरांना माहीत असतो. लिलावाच्या आधी बाबारावचा खर्रा ज्यानं तोंडात टाकला, त्यानं बोली लावायची नाही. बाबारावची माणसं गाड्या स्वस्तात उचलतात, आणि खर्रा खाल्लेल्यांना जाताना मिठाईचे पैसे मिळतात. आणि खर्रा खाऊन कोणी हात वर केलाच, तर त्याचं काय करायचं ते उकंडाकडे असे. उकंडा म्हणजे भंगार तोडणारा, सुतळीसारखा वाळका माणूस. हसला की तोंडात दोनच दात दिसायचे.

"घे ना, अमरभाऊ," बाबारावनं पुडी पुढे केली.

"दाढ ठणकून राह्यली," मी म्हणालो.

"मंग तू बोली लावणार म्हन की."

"पाहू."

तो हसला. आमचं एवढं बोलणं झालं तेव्हा मामाजी भिंतीआड लघवीला गेले होते. मी टेबलाशी जाऊन अनामत भरली, पावती घेतली, मागे वळलो, तर मामाजी कडुनिंबाखाली उभे आणि गालात गोळी फुगलेली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी खर्रा पुढे केला तर नाही म्हणत नाहीत. ओळख नसली तरी नाही. मामाजींनी तर घरी न्यायला आणखी एक चिमूट पन्नीत बांधूनही घेतली होती.

 तिथल्या तिथं त्यांना घरी पाठवायला हवं होतं. पण माझं डोकं वकिलासारखं चाललं. खर्रा त्यांनी खाल्ला, मी कुठं खाल्ला? बोली मी लावणार, पावती माझ्या नावाची. मी त्यांना काहीच सांगितलं नाही.

सहाव्या नंबरला एक ओम्नी निघाली. यज्ञेश्वर नावाचे एक मास्तर होते, तेही खर्रा चघळत होते, आणि त्यांनी हात वर केला. दोघांनी त्यांना बगलेत धरून गाड्यांच्या ओळीमागं नेलं. उकंडानं त्यांच्या पोटात गुडघा घातला, खाली पडल्यावर तोंडावर लाथ मारली. चष्मा आधी फुटला, मग नाक. मास्तर मातीत रक्त थुंकत होते आणि कारकून सातवा नंबर वाचत होता. गेटावरचा चौकीदार मोबाइल बघत होता.

"काहून मारून राह्यले त्याले?" मामाजींनी विचारलं.

"जुनं भांडण असन," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. तोंडात खर्रा असलेल्या माणसाला.

चौदावा नंबर पुकारला गेला तेव्हा मी जुन्या वजनकाट्याच्या ओट्यावर चढलो, कारकुनाला हात दिसावा म्हणून. तिथून सगळं आवार दिसत होतं. माझी जीप धुळीत उभी होती, काचेवर खडूनं चौदाचा आकडा. एकदम बाबारावचा जड हात माझ्या खांद्यावर पडला.

"तुहे मामाजी कुठं हाये, पाय बरं."

मी पाहिलं. दोन गाड्यांपलीकडे एक ट्रॉली उभी होती. तिच्या मागच्या बाजूला दोघांनी मामाजींना धरलं होतं. एकानं त्यांच्याच दुपट्ट्याचा बोळा त्यांच्या तोंडात कोंबला होता. त्यांचा डावा हात ट्रॉलीच्या काठावर दाबून ठेवला होता आणि ट्रॉलीचं मागचं लोखंडी दार, म्हणजे फाळका, दोन्ही हातांनी उचलून उकंडा माझ्याकडे बघत होता.

"बुढ्यानं माहा खर्रा खाल्ला," बाबाराव कानाशी म्हणाला. "तू हात वर केला का त्याचं एक बोट. पाय बाप्पा, तुह्या मर्जीवर हाये."

मी कोपर मागे हाणलं. ते त्याच्या बरगडीत बसलं. त्यानं माझे केस धरून माझं तोंड काट्याच्या लोखंडी खांबावर आपटलं. ओठ फाटला, एक दात हलला, तोंडात खारट रक्त भरलं. मग त्यानं मला सोडून दिलं आणि शर्ट झटकला. भोंग्यातून आवाज आला, "चौदा नंबर, बोला!"

मी ओरडू शकलो असतो. लिलाव थांबला असता. पण थांबलेला लिलाव दुसऱ्या तारखेला झाला असता आणि जीप बाबारावची झाली असती. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला नाही करणार. मास्तरांचं नाक मी डोळ्यांनी बघितलं होतं, तरी असं वाटलं. मी हात वर केला.

फाळका खाली आला. भोंग्याच्या गोंगाटात आवाज ऐकू आला नाही, पण मामाजी खाली घसरले आणि दोघांनी त्यांना पुन्हा उभं केलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अगदी सरळ पाहिलं. माझा हात अजून वरच होता.

बाबारावच्या माणसानं बोली वाढवली. मी खाली उतरून पळत जायला हवं होतं. वीस पावलं होती. मी मोजली आहेत, नंतर, पुष्कळदा. पण जीप समोर होती आणि माझं डोकं पेटलं होतं. मी पुन्हा हात वर केला. फाळका पुन्हा आपटला, आणि आता काठावरून रक्त ओघळताना दिसलं. मामाजींनी डोळे मिटून घेतले.

पुन्हा त्यांची बोली. कारकून म्हणाला, "एक वार."

त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या मनात आलं, आता थांबलो तर दोन बोटं फुकट गेली.

मी तिसऱ्यांदा हात वर केला.

त्यानंतर बाबारावनं डोक्यावरून हात फिरवला. तो त्याच्या माणसांना थांबण्याचा इशारा होता. भाव त्याला परवडण्याच्या बाहेर गेला होता. "दोन वार, तीन वार," कारकून म्हणाला आणि टेबलावर हातोडी मारली. बाबारावनं माझी पाठ थोपटली. "घे बाप्पा, गाडी तुही. मानलं तुले." त्याच्या आवाजात खरंच कौतुक होतं. त्या कौतुकाची मला अजून किळस येते.

मी जीपकडे धावलो. सीटखाली हात घातला. टामी कप्प्यात होती तशीच होती. ती घेऊन मी ट्रॉलीमागं गेलो आणि उकंडाच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचं हाताला कळलं. तो ओरडत खाली बसला तेव्हा त्याच्या जबड्यावर घातली, आणि ते दोन दातही गेले. धरणारे दोघे पळाले. मी तिसऱ्यांदा टामी उगारली. आता डोक्यात घालणार होतो. तो मेला असता आणि मला बरं वाटलं असतं.

मामाजी चाकाला टेकून बसले होते. तोंडातला बोळा त्यांनी उजव्या हातानं काढला होता. ओठांवर खर्र्याचा लाल चोथा होता.

"आता कायले, जवाईबापू?" ते म्हणाले.

टामी माझ्या हातातून गळून पडली.

उरलेले पैसे भरले, कागदावर सह्या केल्या, माझ्या ओठाचं रक्त सहीवर पडलं ते कारकुनानं टिपकागदानं टिपलं. मग मी मामाजींना जीपमध्ये घालून यवतमाळला निघालो. पहिली सवारी तेच. मागच्या बाकावर बसले, हात दुपट्ट्यात गुंडाळून. पुढे या म्हटलं तर नको म्हणाले. तिसरा गिअर एका झटक्यात पडला आणि मला आनंद झाला. हो, झाला. स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटली, पण झाला.

दवाखान्यात ठेचलेल्या तीन बोटांपैकी दोन काढावी लागली. निकिता धावत आली. आधी बापाचा हात पाहिला, मग माझ्याकडे वळली.

"तुम्ही कुठं होते? माह्या बापाले मारून राह्यले तवा तुम्ही कुठं होते?"

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी मामाजी बोलले. "त्याहीले दिसत नोतं, पोरी. मधात ट्रॉली होती. दिसल्याबरोबर धावत आले. पाय ना, त्याहीचं तोंड केवढं फुटलं."

निकितानं पदर भिजवून माझ्या ओठावर लावला आणि ती रडली. मी तो पदर लावू दिला.

आठवड्यानं मामाजींचे टाके निघाले. त्या दिवशी निकितानं अंगणात जीपची पूजा मांडली. बॉनेटला हळदीकुंकू, झेंडूचा हार, चारी चाकांखाली लिंबं. मामाजी उंबऱ्याशी खुर्चीवर बसले होते, पट्टीचा हात गुडघ्यावर ठेवून. चेहरा शांत होता. मला वाटलं, मिटलं सगळं.

"फोडा नारळ," निकिता म्हणाली.

मी नारळ घेतला, जीपसमोर उभा राहिलो आणि हात वर केला.

मामाजींनी पट्टीचा हात झटकन छातीशी ओढून घेतला आणि दुसऱ्या हातानं झाकला. डोळे गच्च मिटले. सगळं एका क्षणात झालं. मग त्यांनी डोळे उघडले, हात पुन्हा गुडघ्यावर ठेवला आणि हसायचा प्रयत्न केला.

निकिता आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं. मग वर, माझ्या हाताकडे. तो अजून खाली आला नव्हता.