मी हललो ती शेवटची ओव्हर

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना दगडी रोलर आहे, मला जागचा हलवायला आठ गडी लागतात, आणि तरीही भर मॅचमध्ये, सगळ्या गावादेखत, एकदा माझा मी हललो होतो. कुणी ढकललं नव्हतं. उतार नव्हता. बाजूला पैलवानही नव्हते. हसू नका मित्रांनो. किंवा हसा, पण माझ्यावर बसूनच हसा. हल्ली बसायलासुद्धा कुणी येत नाही. आज तुम्ही चौघं-पाच जण आलात. माझ्यावर कोण बसलंय ते मला दिसत नाही, नुसतं वजन कळतं. त्यातलं एक वजन ओळखीचं वाटतंय, पण नीट आठवत नाही. असो.

मी पारनेरकडच्या डोंगरातला काळा दगड. मला घडवणाऱ्या सूर्यभान पाथरवटाच्या छिन्नीतून इतक्या ठिणग्या उडाल्या, की त्या उन्हाळ्यात त्यानं काडेपेटी विकतच घेतली नाही. साखर कारखान्याच्या रस्त्यासाठी मला श्रीगोंद्याच्या बाजूला आणलं. पहिल्या दिवशी मला ओढून झाल्यावर डावा बैल संध्याकाळी गोठ्यात न जाता तडक मालकाच्या बहिणीच्या गावी निघून गेला आणि पुन्हा आला नाही. हिवरे बाजारच्या पाण्याचं सगळीकडे कौतुक होतं, होऊ द्या. पण एका दुष्काळात मी इथली जमीन अशी काही दाबली, की इथलं पाणी खालच्या खाली सरकत तिकडे गेलं, हे कुणी सांगत नाही. मीही मागत नाही श्रेय. माझा स्वभावच तसा.

रस्ता डांबरी झाला आणि मला या मैदानावर आणून सोडलं. माझे बरे दिवस इथेच गेले. तालुक्यातालुक्यांच्या संघांची टेनिस बॉलची लीग सुरू झाली. संघांना मालक आले, खेळाडूंचा लिलाव होऊ लागला, मॅच मोबाईलवर लाइव्ह दिसू लागली. आमचा संघ घोडकाठ वॉरियर्स. सकाळी पोरं मला पिचवरून फिरवायची आणि नंतर सीमारेषेपाशी आणून उभं करायची. तिथून पुढे माझं काम संपायचं आणि माझ्यावर बसणाऱ्यांचं सुरू व्हायचं.

डाव्या टोकाला गहिनीनाथ. कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेला माणूस. उसाच्या गाड्या मोजून झाल्या, आता खेळाडू तोलायचा. मधोमध चांदभाई, पंक्चरच्या दुकानाचे. आमचा फास्ट बॉलर रिझवान त्यांचा मुलगा, म्हणून मधली जागा त्यांची. बाकी मागेपुढे गावातली माणसं. आणि शेजारी लिंबाखाली लंकाबाईचा स्टोव्ह आणि चहा.

या मंडळींचा एक नियम होता. मॅच रंगात आली की रोलरवरून उठायचं नाही. जो जसा बसलाय तसाच बसणार, पायावरचा पायसुद्धा काढायचा नाही. एकदा एक जण मधेच लघवीला उठला आणि त्याच बॉलला कॅच सुटला. तेव्हापासून तो गडी मॅचच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही म्हणतात. नियम म्हणजे नियम. मला तर काही अडचण नव्हती, माझा जन्मच न उठण्यात गेला.

रिझवान सरावाला लवकर यायचा, छोट्या लेकीला घेऊन. त्याची बायको सरवरी पहाटेच डेअरीवर कामाला जायची, म्हणून पोरीची वेणी यानंच घालायची. तिला माझ्यावर बसवायचा आणि मागे उभा राहून दोन्ही हात वर करून वेणी घालायचा. चिमणीएवढं वजन होतं तिचं. गहिनीनाथ त्याला चिडवायचा.

"ह्या हातानं यार्कर टाकतोस अन् ह्याच हातानं येनी घालतोस. दोन्ही सरळच हाय लेका."

"येनीच अवघड हाय काका," रिझवान म्हणायचा. "ब्याट्समन मान तरी हालवत न्हाई."

सुरुवातीला आम्ही जिंकत होतो. मग पारनेरच्या संघाविरुद्ध कप्तान कल्याणनं शेवटची ओव्हर वाल्मिकला दिली आणि आम्ही हरलो. वाल्मिक हळू बॉल टाकायचा, फिरवून. ती मॅच संपल्यावर माझ्यावर बसून जी चर्चा झाली, तिच्या उष्णतेनं मी इतका तापलो, की लंकाबाईनं दुसऱ्या दिवशी माझ्यावर भाकरी भाजली. खरंच.

"वाल्मिकला शेवटची ओव्हर? कल्याणचं डोस्कं ठिकानावर हाय का?" गहिनीनाथ म्हणाला.

"रिझवानच्या दोन्ही ओव्हर आधीच टाकून घेतल्या हुत्या," चांदभाई म्हणाले.

"का घेतल्या? त्येच तर इचारतोय मी. गुळाची ढेप पयल्याच पंगतीला वाटली, अन् पावनं बसल्यावर ताटात नुसतं मीठ."

"वाल्मिकनं पयल्या दोन बॉलला दोन गडी काढले, ते न्हाई कुनी बघितलं," लंकाबाई कप विसळत म्हणाली.

"फुडच्या तीन बॉलला तीन सिक्स गेले, ते समद्यांनी बघितलं. तू च्या गाळ."

"गाळते. तुमच्या बोलन्यापरीस चोथा कमी निघतो त्यात."

त्यानंतर मैदानावर एकच आरोळी राहिली. चार बॉल वाकडे गेले, की माझ्यावरून ओरडा सुरू व्हायचा, "रिझवानला द्या." आणि पहिला आवाज चांदभाईंचा असायचा. का नसावा? सगळं मैदान आपल्या पोराचं नाव घेतंय, हे ऐकायला त्यांनी आयुष्यभर दुकानात वाकून दुसऱ्यांची चाकं खोलली होती.

कल्याण देत गेला. पहिली ओव्हर रिझवान, शेवटची रिझवान. रविवारी दोन-दोन मॅच, दोन्हींत रिझवान. मधल्या वारी मालक त्याला आणखी कुठल्या गावच्या स्पर्धेला पाठवायचे. आणि तरीही आम्ही हरू लागलो, कारण तो दमला होता, आणि तो दमला होता म्हणून सगळे आणखी जोरात त्याचंच नाव घेत होते. मला याचा अनुभव आहे मित्रांनो. पिच उखडलं की लोक माती बदलत नाहीत, मला आणखी दोनदा फिरवतात.

एका दुपारी लंकाबाईनं त्याला चहा दिला. तो गेल्यावर ती म्हणाली, "डाव्या हातानं घेतला कप पोरानं. हल्ली रोज डाव्यानंच घेतो."

"च्या डाव्यानं, इकेट उजव्यानं," गहिनीनाथ म्हणाला. "वाटनी बराबर हाय."

सगळे हसले. चांदभाईसुद्धा हसले, पण त्यांच्या बसण्याचं वजन जरा सरकलं. मला कळलं. मला वजनाचंच तर कळतं.

मग ती मॅच आली. जिंकलो तर पुढच्या फेरीत, हरलो तर मालक संघ मोडणार, असं उघड बोललं जात होतं. सकाळी पिच दाबून झालं, पोरं गेली, आणि माझ्यावर तिघं येऊन बसले. रिझवान, कल्याण आणि चांदभाई.

"कल्यानभाऊ, पयली ओव्हर टाकतो," रिझवान म्हणाला. "शेवटच्या ओव्हरचं काय सांगता येत न्हाई. खांद्यात करवत चालल्यागत हुतंय."

"मग तसं सांग मला तवा. मी देनारच न्हाई."

"तवा न्हाई सांगता येनार. क्यामेरा माझ्यावर असतो. मी मान हालवली, की फुडच्या लिलावात मला कोन घेनार? हात गेलेला बॉलर कोन घेतं?"

 कल्याणवरही गाव ओरडत असे. रिझवानला न विचारता वाल्मिकला बॉल दिला असता तर त्याला घरी जाणं मुश्कील झालं असतं.

"मी हितंच रोलरपाशी फिल्डिंगला असतो," रिझवान म्हणाला. "हात चालनार नसला, तर हळूच अब्बांना सांगतो. अब्बा उठून हुभं राहिले, की तुमी समजून जा, अन् बॉल वाल्मिकला द्या. बसून असले, तर मला द्या. कुनी काय इचारलं तर अब्बा च्याला उठले हुते, बास."

कल्याणनं चांदभाईंना विचारलं, "चाचा, उठाल ना?"

"उठायला काय लागतंय," चांदभाई म्हणाले.

मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

मॅच शेवटच्या ओव्हरपर्यंत आली. समोरच्यांना अकरा धावा हव्या होत्या. माझ्यावर तर मुंगीलाही जागा नव्हती. खरं सांगायचं तर मुंग्याही आल्या होत्या, त्यांनाही निकाल हवा होता. सगळे एकच ओरडत होते, "रिझवानला द्या." फक्त एक आवाज त्यात नव्हता. रिझवान सीमारेषेवर, माझ्यापासून चार पावलांवर उभा. मागे न वळता तो म्हणाला, "अब्बा. न्हाई हुनार. उठा."

चांदभाईंचं वजन माझ्यावरून उचललं जाऊ लागलं.

"बसा," गहिनीनाथनं त्यांचा हात धरला. "आता उठता व्हय? जागा मोडू नका."

"मला जरा च्या..."

"च्या मॅच झाल्यावर. एका कपापायी समद्या गावाचं वाटुळं करता का?"

"बसा की चाचा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोन हात त्यांच्या दोन्ही खांद्यांवर आले आणि त्यांना खाली दाबलं. वाईट मनानं नव्हे हो. प्रेमानंच दाबलं.

ते म्हणू शकले असते, की पोराचा हात गेलाय, मला उठू द्या. पण नेमकं तेच तर कुणाला कळू द्यायचं नव्हतं. ते शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आले असतील. मला वर दिसत नाही. मला एवढंच कळलं, की त्यांचं वजन पुन्हा पूर्ण माझ्यावर आलं.

पलीकडे कल्याण बॉल हातात घेऊन वळला. वाल्मिक त्याच्या शेजारी येऊन उभा होता. कल्याणनं माझ्याकडे पाहिलं. चांदभाई बसलेले. त्यानं रिझवानला हाक मारायला हात वर केला.

आणि त्या क्षणी, मित्रांनो, मी हललो.

पोटातून अशी कळ आली, की इतक्या वर्षांची सगळी माती कडाकडा तुटली. मी वीतभर पुढे गेलो, मग हातभर. वर एकच गोंधळ. गहिनीनाथ एका बाजूला, मागचे दुसऱ्या बाजूला, मुंग्या तिसऱ्या बाजूला. आणि चांदभाई? चांदभाई पायांवर. उभे, ताठ, झेंड्याच्या खांबासारखे. कल्याणनं ते पाहिलं आणि बॉल वाल्मिकच्या हातात ठेवला. वाल्मिकनं त्या दिवशी असे बॉल टाकले, की एक बॉल तर वळून परत त्याच्याच हातात येत होता, त्यानंच त्याला पुढे जा म्हणून समजावलं. शेवटच्या बॉलला कॅच, आणि आम्ही जिंकलो. चांदभाईंनी वाल्मिकला खांद्यावर घेतलं. रिझवानचा हात शाबूत राहिला. तो आता लांब, मोठ्या संघात खेळतो, म्हणून तुम्हाला इथे दिसत नाही. बाकीचेही असेच मोठमोठ्या ठिकाणी गेले, म्हणून मैदान मोकळं पडलं. ही वेडी बाभूळ माजलीय, ती तेवढ्यासाठीच. माझा लोखंडी दांडाही कुणीतरी भंगारात नेला, तो बहुधा आठवण म्हणून ठेवायला नेला असणार.

तर मित्रांनो, माझं सांगणं फार नाही. उपयोगाच्या वस्तूला उपयोग संपेपर्यंत राबवून मग बाभळीत टाकून देऊ नका. पावसाळ्यात वर एखादा फाटका ताडपत्रीचा तुकडा टाकला तरी पुरे. आणि ज्याच्यावर तुम्ही सगळे मिळून बसता, त्याला अधूनमधून विचारत जा, की बाबा रे, तुला अजून...

"खोटं," वरून एक मुलगी म्हणाली. "तू हललाच न्हवतास."

 ते ओळखीचं वजन माझ्यावरून पुढे वाकलं आणि माझ्यासमोर एक वेणी लोंबू लागली.

"माझे अब्बा कुठंच गेले न्हाईत. घरीच असत्यात. त्या ओव्हरपासनं हात वर जात न्हाई त्यांचा. माझी येनी आता आजोबा घालत्यात. ही बघ, वाकडी."