तात्पुरतं दार

"आमचं अगदी वेगळं आहे हो, मॅडम," भांडी धुणाऱ्या मशीनचा विभागप्रमुख म्हणाला आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. याआधी चार विभागप्रमुखांनी हेच ऐकवलं होतं. कंपनीने तिला कामच ते दिलं होतं: पाच विभागांच्या यंत्रांत एकसारखं सॉफ्टवेअर कुठे आहे ते शोधायचं, म्हणजे एकदाच लिहून सगळ्यांना वापरता येईल. दोन महिने ती हेलपाटे घालत होती. यंत्र चालू असताना दार उघडू द्यायचं नाही, एवढीशी गोष्ट; पण जो तो आपलंच घोडं पुढे दामटत होता.

शेवटी तिने पाचही प्रोग्राम स्वतः उघडून पाहिले. दाराच्या कोडवर पाचही ठिकाणी एकच टीप होती: "हे तात्पुरतं आहे. सोमवारी नीट करते." नऊ वर्षांपूर्वी, नोकरीत नवी असताना, कपडे धुणाऱ्या मशीनसाठी ती टीप तिनेच लिहिली होती.

मीटिंगमध्ये तिने ती पडद्यावर दाखवली. "वेगळं म्हणता ना? माझ्या सोमवारसकट उचललंय सगळ्यांनी!"

ओव्हनचा विभागप्रमुख म्हणाला, "म्हणजे अर्धवट काम तुमचंच होतं तर."

बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. नऊ वर्षांत पाचही विभागांचं पहिल्यांदाच एकमत झालं: दुरुस्ती तिनेच करायची, पण प्रत्येकाकडे येऊन, स्वतंत्रपणे. कारण प्रत्येकाचं अगदी वेगळं होतं.