तीन हालचालींची कडी

बुधवारी तपासणीच्या बाईनं माझी आठही कॅराबिनर, म्हणजे दोरावर लटकताना अडकवायच्या झडपेच्या कड्या, एका डब्यात टाकली आणि डब्याला लाल चिकटपट्टी मारली. दर सहा महिन्यांनी झाडावर चढणाऱ्यांचं सगळं सामान असं तपासतात. कड्यांच्या झडपा आपोआप मिटत नाहीत, म्हणाली. मी सत्तावीस वर्षं झाडावर काढलीत, तिची तिशीही उलटली नसेल. पण डोकं फोडून काय होणार? शनिवारी सकाळी चर्चजवळचं ॲशचं वाळलेलं झाड उतरवायचं होतं, आणि कड्यांशिवाय मी जमिनीवरचा माणूस.

म्हणून शुक्रवारी मी आणि मेरेटे व्हिबोर्ग शहराबाहेर चढाईचं सामान विकणाऱ्या पालेच्या दुकानात गेलो. अकरा वर्षं आम्ही जोडीनं काम करतोय. मीच तिला चढायला शिकवलं. दुकान म्हणजे जुनं कोठार, आणि शेगडी फक्त पालेच्या खुर्चीजवळ. फेब्रुवारीचा वारा फटींतून आत येत होता. मी आल्या आल्या कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही.

पालेनं टेबलावर कड्या मांडल्या. लांबट, गोल, काळ्या, केशरी.

"ही जड आहे," मी म्हणालो. "हिचं तोंड अरुंद. आणि हा रंग कसला? पानांत पडली तर सापडायची नाही."

"अरे, कडी घेतोयस की घर?" मेरेटे म्हणाली. "उघडून तरी बघ एखादी."

तीच तर अडचण होती. माणसाचं वजन घ्यायची कडी तीन हालचालींनी उघडते: झडपेवरची नळीसारखी बाही वर सरकवायची, पिळायची, मग झडप आत ढकलायची. एका हातानं, हातमोजे घालून. माझ्या उजव्या हाताची बोटं गारठ्यात पांढरी पडतात आणि मेल्यासारखी होतात. करवतीच्या थरथरीनं आमच्यातल्या पुष्कळांना ते होतं. डॉक्टरांकडे गेलो तर ते चढणं बंद करायला सांगतील, म्हणून मी गेलो नव्हतो. मंगळवारी बीचच्या झाडावर माझी कडी अर्धा तास उघडेना. खालून मेरेटेनं हाक मारली तेव्हा सुतारपक्ष्याची ढोली बघतोय, असं मी ठोकून दिलं. वर असताना मी कधी घाबरत नाही, त्या दिवशी घाबरलो.

कप खाली ठेवून मी एक कडी उचलली. ऊब असेपर्यंत उघडली. दुसऱ्यांदा अंगठा बाहीवरून घसरला. मी घाईनं ती ठेवली आणि दुसऱ्या रांगेतली घेतली, दोनच हालचालींची. पिळली, उघडली.

"ही बरी आहे. चार दे."

पालेनं चष्म्यावरून बघितलं. "एस्किल, ही करवत टांगायला. एखादी फांदी हिला घासली, पिळली, की उघडते. हे तुला मी सांगायचं?"

"मग नको सांगूस."

मला वाटलं, आता मेरेटे माझी हजेरी घेणार. शिकत होती तेव्हा तिच्या पट्ट्याला असली कडी दिसली म्हणून मीच ती काढून तळ्यात भिरकावली होती, आणि दिवसभर तिच्याशी बोललो नव्हतो. पण तिनं लावून बघायला बरोबर आणलेल्या आपल्या पट्ट्यावरच्या कड्या एकेक काढल्या, खिशात घातल्या आणि पालेला म्हणाली, "आठ दे. चार त्याला, चार मला."

"तुला कशाला?" मी ओरडलोच. "तुझ्या चांगल्या आहेत की!"

"चांगल्या आहेत. पण तुला उघडत नाहीत." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मंगळवारी मी खालून बघत होते. सुतारपक्षी म्हणे! उद्या मीही वर असणार. करवत लागली, डोक्यात फांदी बसली, तर मला सोडवायला तूच येणार ना? दुसरं कोण आहे? मग तुला उघडता येईल अशीच कडी मला हवी."

आमच्यात एकटं कुणी चढत नाही. एक वर, दुसरा खाली पट्टा बांधून तयार. वरच्याला काही झालं, की खालच्यानं चढायचं, त्याची कडी सोडवायची आणि त्याला उतरवायचं. हे मला ठाऊक नव्हतं का? माझ्या बोटांचा विचार करताना मी फक्त माझ्याच कड्या मोजत होतो, तिच्या कधी मनातच आल्या नाहीत. आणि ही बया माझी लाज राखायला फांदी घासली तर उघडणाऱ्या कडीवर स्वतःला टांगायला निघाली होती.

पाले पिशवी भरायला लागला. मी त्याच्या हातातून ती घेतली आणि सगळ्या कड्या टेबलावर ओतल्या.

"नको," मी म्हणालो. "एकही नको. माझा हात गेलाय, मेरेटे."

मी उजवा हात पुढे केला. तीन बोटं पेरांपर्यंत मेणासारखी पांढरी होती. तिनं ती आपल्या दोन्ही हातांत धरली आणि चोळायला लागली, लहान मुलाची चोळावीत तशी.

"होईल बरं. मंगळवारपासूनच आहे ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिनंच वाट करून दिली होती.

"दोन हिवाळे झाले."

तिचे हात थांबले. मग तिनं हात सोडला.

"दोन हिवाळे," ती म्हणाली, "खाली तू आहेस म्हणून मी वर बिनघोर होते."

तिनं खिशातून स्वतःच्या कड्या काढल्या, पट्ट्याला एकेक लावल्या आणि उद्याचं काम रद्द करायला फोन घेऊन बाहेर वाऱ्यात गेली.