नाटकी की नेटकी

तपासनीस निवृत्त झाले होते, पण त्यांची नजर अजून नोकरीतच होती. वजनमाप खात्यात दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांची हयात गेली. आता कोणी सरबताचा पेला पुढे केला, तरी ते आधी तो डोळ्यांसमोर धरून पातळी पाहत आणि मग पीत. "अहो, पाहुणे आहोत आपण," असं बायको दातओठ खात म्हणे. त्यावर ते पेला खाली ठेवून म्हणत, "म्हणून तर काही बोललो नाही."

पण घरातल्या एका शब्दाचं माप त्यांना आजवर घेता आलं नव्हतं.

झालं होतं असं. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या स्वागतसमारंभात व्हिडिओवाला माईक घेऊन, "दोन शब्द बोला, दोन शब्द बोला," करत पाहुण्यांमधून फिरत होता. बायकोची धाकटी बहीण माईकपुढे आली आणि आपल्या ताईबद्दल बोलली. ते बोलणं बाजूला उभ्या असलेल्या मामेबहिणीने ऐकलं आणि जेवणाच्या रांगेत ताईच्या कानात ओतलं, "तुला नाटकी म्हणाली, बरं का."

धाकटीचं म्हणणं, मी 'नेटकी' म्हणाले. नेटकी म्हणजे टापटिपीची आणि नाटकी म्हणजे ढोंगी. दोन शब्दांमध्ये अंतर ते काय, एका मात्रेचं. 'ध'चा 'मा' करायला निदान शाई तरी लागते. इथे 'ने'चा 'ना' नुसत्या तोंडाने झाला. त्या संध्याकाळपासून बहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. मुलीचं लेकरू आता शाळेत जायला लागलं होतं.

नवऱ्यांचं मात्र भांडण नव्हतं. दोघे साडू आठवड्यातून एकदा वाचनालयाच्या मागच्या बाकावर, कॉलेजातल्या प्रेमिकांसारखे, चोरून भेटत. अशाच एका भेटीत साडू म्हणाला, "आम्ही चाललो. मुलाकडे, परदेशात. कायमचे. महिनाअखेर."

तपासनिसांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आणि या दोघी?"

"दोघींचं नाक सारखंच आहे. कारखाना एकच ना! माझी म्हणते, आधी तिने फोन करावा. तुमची?"

"तेच म्हणते. अक्षरशः तेच."

"मग राहू द्या तसंच. पुढे कोणाचं काय होतंय, कोणाला ठाऊक." साडू एवढं बोलला आणि उगीचच चष्मा पुसू लागला.

तपासनिसांना त्या रात्री जेवण गेलं नाही. दोन बहिणी, आणि मध्ये समुद्र येण्याआधी एक शब्द मोकळा करायचा. शिवाय, खरं सांगायचं तर, तो शब्द नक्की कोणता, याची चुटपुट त्यांना इतकी वर्षं खात होती. आणि साक्षीदार तर कपाटातच होता: लग्नाची डीव्हीडी. बायकोने ती रागाने एकदाही पाहिली नव्हती. तपासनिसांनी एकदा लावली होती, पण घरचा प्लेअर नेमका तिथेच अडला होता.

आता त्यांनी तो पुन्हा माळ्यावरून काढला. बायको शेजारी गेलेली पाहून डिस्क आत घातली. हा प्लेअर त्यांनी सडपातळ दिसतो म्हणून घेतला होता आणि सडपातळ माणसांसारखीच त्याची पचनशक्ती नाजूक होती. धाकटी पडद्यावर आली, हसली, म्हणाली, "आमची ताई म्हणजे ना, इतकी न्—" आणि तिच्या तोंडाच्या चौकोनी फरश्या झाल्या. फरश्या थरथरल्या. मग प्लेअरने डिस्क बाहेर काढून जीभ दाखवली.

"काय लावलंय?" बायकोने दारातून विचारलं.

"काही नाही. साफसफाई."

दुसऱ्या दिवसापासून तपासनीस डिस्क कापडी पिशवीत घालून इमारतीत हिंडू लागले. डीव्हीडी प्लेअर आता कोणी वापरत नव्हतं, पण टाकलाही कोणी नव्हता. प्रत्येकाच्या माळ्यावर एक होता आणि प्रत्येकाला त्याच्याबद्दल सांगण्यासारखं होतं. तपासनिसांना हे ऐकायला फार आवडलं. माणसं लग्नाच्या जोडीदाराबद्दल जे मोकळेपणाने सांगत नाहीत, ते प्लेअरबद्दल सांगतात, असा त्यांना शोध लागला.

वरच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकेने सांगितलं, "त्याच्या डोक्यावर शब्दकोश ठेवल्याशिवाय तो चालत नाही. पातळ पुस्तक ठेवलं तर आवाज येतो, चित्र नाही." समोरच्या बँकेतल्या गृहस्थांचा प्लेअर आधी तापवावा लागे. "गाडीसारखं आहे. पहिली डिस्क सोपी द्यायची. गाण्यांची वगैरे. एकदम लग्न नाही झेपत त्याला." या दोन्ही ठिकाणी धाकटी 'इतकी'पर्यंत पोचली आणि थांबली.

दंतवैद्याचा प्लेअर सगळ्यांत महागडा होता. त्याला मऊ कापडाचं पांघरूण होतं. दंतवैद्याने डिस्क उजेडात धरून, दाढ बघावी तशी पाहिली.

"ही कंपनीची नाही."

"व्हिडिओवाल्याने करून दिलेली आहे."

"म्हणजे घरगुती. माझा प्लेअर घरगुती खात नाही."

"मग काय खातो?"

"फक्त सीलबंद. विकत घेतलेलं." दंतवैद्याच्या आवाजात अभिमान होता. डिस्क घातल्यावर प्लेअर बराच वेळ कुरकुरला आणि त्याने 'डिस्क अयोग्य' असा निकाल दिला. दंतवैद्य समाधानाने म्हणाला, "बघा. दर्जा असा असतो."

महागडा तराजू खोटा निघाला, की दुकानदार अगदी असंच हसतो, हे तपासनिसांच्या ध्यानात आलं. पण पुढच्या वेळी दाढ याच्याकडेच काढायची असल्याने ते गप्प बसले.

शेवटी ते कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंकडे गेले. तिथे भिंतीवर एक जुना टीव्ही आणि कापडाच्या ढिगाखाली त्याला जोडलेला प्लेअर होता. कंपनीचं नाव असावं तिथे नुसता चमकता पट्टा होता आणि मागे काय होतं ते न विचारलेलं बरं. कापडाचे धागे त्याच्या फटीतून बाहेर डोकावत होते.

"हा चालतो?" तपासनिसांनी शंका काढली.

"चालतो? अहो, भाकरी घातली तर भाकरी वाजवील! पोराने याच्यात एकदा बशी सरकवली होती. तिच्यावरपण 'वाचतोय, थांबा' असं लिहून आलं. आणा इकडं."

तपासनिसांनी साडूला फोन करून बोलावून घेतलं. निकाल एकट्याने ऐकू नये, अशी त्यांची खात्यातली सवय होती, पंच लागतोच.

प्लेअर घरघरला. बँड वाजला, पाहुणे आले, धाकटी हसली. दोघे साडू पुढे झुकले. "आमची ताई म्हणजे ना, इतकी..." फरश्या आल्या, पण या गड्याने त्या गिळल्या आणि तो पुढे गेला: "...नाटकी!" आणि धाकटीने माईकवाल्याला डोळा मारला.



"परत लावा," साडू क्षीण आवाजात म्हणाला. परत लावलं. नाटकी. तिसऱ्यांदाही नाटकीच.

"ही डिस्क बिघडली, म्हणून सांगा," साडू म्हणाला. "रस्त्यात पडली. ट्रक गेला. काहीही सांगा. हे ताईंना कळलं, तर उरलेले दिवसही गेले."

तपासनीस पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. आयुष्यभर एक तोळा इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. "कसं सांगू? लागली की ती. आणि साडूभाऊ, मला सांगा, या महागड्या प्लेअरना का नाही जमलं आणि याला..."

"तुम्हाला प्लेअरचं पडलंय!"

"ऐकलं मी," मागून आवाज आला.

दारात तपासनिसांची बायको उभी होती. रोज दुपारी पिशवी घेऊन बाहेर जाणाऱ्या नवऱ्याचा माग काढत ती आली होती, आणि शिंपीणबाईंच्या दुकानापर्यंत येताना तिने काय काय कल्पना केली असेल, ते तिच्या चेहऱ्यावर अजून थोडं उरलं होतं.

"ऐका, त्याचा अर्थ तसा नसावा..." साडूने सुरुवात केली.

"पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. नाटकी. तपासनिसांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा बायको हसत होती. मुलीच्या लग्नातसुद्धा ती इतकी खुलली नव्हती.

"बघा! बघा! इतकी वर्षं मी काय सांगत होते? आणि ती बाई शपथा घेत होती! भाऊजी, फोन लावा तिला. आत्ताच्या आत्ता. स्पीकर नको, मला द्या."

साडूने फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडून धाकटी म्हणाली, "हं, काय?"

"काय काय? मी बोलतेय. नाटकीच म्हणालीस तू! पुरावा आहे!"

"कुठल्या प्लेअरवर?" धाकटीने विचारलं.

"शिंपीणबाईंच्या."

"तो डबडा? अगं, त्याला मात्रा कळतात का? माझ्याकडे चांगला आहे. पेटीत भरलाय, काढते. थांब तिथेच."

ती खरंच आली. घामाघूम, केस विस्कटलेले, काखेत प्लेअर. बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. "किती वाळलीस," ताई म्हणाली. "तू सुटलीस," धाकटी म्हणाली. एवढ्यात वायर जोडून झाली.

या प्लेअरवर धाकटी पडद्यावर म्हणाली, "इतकी न—टकी!" नेमक्या अक्षराला आवाज गेला.

"ऐकलंस? नेटकी!"

"कान धू! नाटकी!"

"बरं, नाटकी तर नाटकी. मग, नाहीयेस का तू? लग्नात मुलीला सोडून स्वतःच आधी रडायला लागलीस ती?"

"आणि तू? माझ्याहून मोठ्याने!"

"तू रडलीस म्हणून!"

शिंपीणबाईंनी शिवणयंत्र थांबवून दोन स्टुलं पुढे सरकवली. दोघी टेकल्या, बोलायच्या काही थांबल्या नाहीत. दोघे साडू प्लेअरमागे वायरी धरून उभे होते, कारण सोडल्या की चित्र जात होतं.

"भाऊजी," धाकटी मध्येच वळली, "तुम्ही तर तपासनीस. तुम्ही सांगा, काय ऐकू येतं?"

"हो, सांगा की!" बायको म्हणाली.

तपासनिसांनी पडद्याकडे पाहिलं, मग स्टुलांवरच्या दोन सारख्या नाकांकडे.

"नीटसं कळलं नाही," ते म्हणाले. "उद्या पुन्हा लावून बघावं लागेल. दोघींनीही यावं."